बिनेची मोजपट्टी

फ्रान्स देशांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा ता. २८ मार्च १८८२ रोजीं झाला. सहा वर्षांपासून तेरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलास शिक्षण मिळालेंच पाहिजे, असें त्या कायद्यानें ठरविलें. कायदा चांगला होता. पण चांगल्या कायद्याच्याही पाठोपाठ अडचणी येतात. पूर्वीं जीं मुलें शाळेच्या उंबरठ्याशीं कधीं आलींच नव्हतीं, तीं आतां बांकांवर येऊन बसलीं. त्यांतलीं कांहीं वर्षानुवर्षें एकाच वर्गांत राहत. अक्षरें गिरवून घ्या, पाढे घोकून घ्या, रागें भरा, कशाचाच उपयोग होत नसे. अशा मुलांचें काय करावें, हें कोडें शिक्षकांस वीस वर्षें छळीत होतें. शेवटीं १९०४ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत शिक्षणमंत्र्यानें या प्रश्नाच्या विचारासाठीं एक मंडळ नेमलें. त्या मंडळांत आल्फ्रेद बिने नांवाचा सत्तेचाळीस वर्षांचा एक मानसशास्त्रज्ञ सभासद होता.

मंडळानें ठराव केला कीं, मागें पडणाऱ्या मुलांसाठीं खास वर्ग काढावे, परंतु रीतसर तपासणी झाल्यावांचून कोणाही मुलास त्या वर्गांत पाठवूं नये. ठराव लिहिणें सोपें होतें. पण तपासणी करावयाची ती कशी? त्या काळीं डॉक्टर लोक अशा मुलांचे तीन प्रकार मानीत. अगदीं खालचा, मधला व वरचा. या तिघांच्या मर्यादा कोठें संपतात व कोठें सुरू होतात, हें मात्र कोणींच नीट सांगितलें नव्हतें. बिने यानें निरनिराळ्या रुग्णालयांतील दाखले एकत्र करून पाहिले, तेव्हां असें आढळलें कीं, एकाच मुलास एका ठिकाणीं एका प्रकारांत घातलेलें आहे, आणि थोड्याच दिवसांच्या अंतरानें दुसऱ्या ठिकाणीं दुसऱ्या प्रकारांत. चार दिवसांत मूल बदललें नव्हतें. बदलला होता तो डॉक्टर.

शिक्षकांच्या मतावरही सर्वस्वीं विसंबण्यास तो तयार नव्हता. यांत शिक्षकांविषयीं त्याला अनादर होता असें नव्हे. पण जो मुलगा वर्गांत दंगा करतो, त्याला दुसरीकडे घालविण्याची संधि मिळाल्यास ती कोण सोडील? उलट एखादें गरीब, गप्प बसणारें मूल खरोखरच मागें असलें तरी तें कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीं. आईबापांचें तर विचारूंच नये. कोणी आपल्या मुलाचें वैगुण्य लपवितो, तर कोणी सरकारी खर्चानें मूल पोसलें जाईल या आशेनें तें वाढवून सांगतो. एकदां खास वर्गाचा शिक्का बसला म्हणजे तो जन्मभर पुसत नाहीं, याची जाणीव बिने यास पुरेपूर होती. म्हणून कोणाच्याही लहरीवर न अवलंबणारें असें कांहीं साधन त्याला हवें होतें.

हें साधन तयार करण्यास तो लायक कसा झाला, हें त्याच्या पूर्वचरित्रावरून दिसतें; आणि गंमत अशी कीं, त्या चरित्रांत यशापेक्षां चुकांचाच भाग जास्त उपयोगी पडला. बिने १८५७ सालीं नीस शहरीं जन्मला. कायद्याची पदवी त्यानें घेतली, पण वकिली केली नाहीं. ग्रंथालयांत बसून मानसशास्त्राचीं पुस्तकें वाचतां वाचतां तो त्या शास्त्राकडे ओढला गेला व पॅरिसमधील सालपेत्रिएर रुग्णालयांत शार्को या नामांकित वैद्याच्या हाताखालीं संमोहनाचे प्रयोग करूं लागला. लोहचुंबक या बाजूचा त्या बाजूस फिरविला कीं संमोहित रोग्याच्या शरीरांतील लक्षणें इकडचीं तिकडे जातात, असें त्यानें मोठ्या आत्मविश्वासानें छापून प्रसिद्ध केलें. बेल्जममधील देलबफ यानें दाखवून दिलें कीं, हा सर्व प्रताप चुंबकाचा नसून प्रयोग करणाराच्या अपेक्षेचा आहे. रोग्यास काय हवें आहे तें कळतें व तो तसें वागतो. बिने यास आपली चूक जाहीरपणें कबूल करावी लागली. पुढें मुलांची परीक्षा घेतांना परीक्षकानें आवाजानें किंवा नजरेनें उत्तर सुचवूं नये, असा जो त्याचा कटाक्ष असे, त्याचें मूळ या मानहानींत आहे.

दुसरी चूक डोक्यांच्या मापाची. मोठें डोकें तें हुशार, ही समजूत त्या काळीं शास्त्र म्हणून नांदत होती. बिने यानेंही शाळाशाळांतून शिक्षकांनीं निवडलेल्या अत्यंत हुशार व अत्यंत मंद विद्यार्थ्यांचीं डोकीं मोजलीं. फरक निघाला तो एखाद्या मिलिमीटराचा. आणि तोही, आपण मनांत जें धरून मोजतों त्याच्याच बाजूस झुकतो, अशी शंका त्याला आली. त्यानें स्वतःच्या हातावर अविश्वास दाखवून तें कामच सोडून दिलें. डोकें मोजण्याचा नाद सुटला, म्हणूनच डोक्यांतील व्यापार पाहण्याची वाट त्याला सांपडली.

ही वाट खरें म्हणजे त्याच्या घरांतच होती. मादलेन व आलिस अशा त्याच्या दोन मुली. एक १८८५ ची, दुसरी १८८७ ची. दोघी चालावयास शिकूं लागल्या तेव्हां बापानें बारकाईनें पाहून ठेवलें. एक मुलगी जपून, खुर्ची किंवा भिंत हातीं लागेल अशी खात्री करून मगच पाऊल टाकी. दुसरी हंसत, धडपडत, कोठें जावयाचें याचा विचार न करितां निघे व पडे. चालूं लागल्या दोघीही. पण चालण्याची तऱ्हा वेगळी, आणि ती तऱ्हा पुढें त्यांच्या विचार करण्यांतही दिसून आली. पुढें चार वर्षांच्या मुलीपुढें लहानमोठ्या सोंगट्यांचे दोन ढीग मांडून अधिक कोणते असें तो विचारी. मूल मोजीत नसे. ज्या सोंगट्यांनीं जास्त जागा व्यापली, त्या तें अधिक समजे. या निरीक्षणांवरचे लेख १८९० त प्रसिद्ध झाले, व १९०३ सालीं दोघी मुलींविषयीं त्यानें आपला मोठा ग्रंथ लिहिला. लहान मूल म्हणजे कमी जाणणारा मोठा माणूस नव्हे, त्याच्या जाणण्याची रीतच निराळी आहे, हें त्याला घरच्या जमिनीवर बसून कळलें. प्रयोगशाळेंतील पितळी यंत्रांनीं तें सांगितलें नव्हतें.

या कामांत त्याला जोडीदार मिळाला तेओदोर सिमोन. हा तरुण डॉक्टर मंदबुद्धि मुलांच्या एका आश्रमांत नोकरीस होता. दोघांनीं मिळून १९०५ सालीं तीस लहान लहान कसोट्यांची एक मालिका प्रसिद्ध केली. पहिली कसोटी अशी: पेटलेली आगकाडी मुलाच्या डोळ्यांपुढून हलवावयाची, डोळे तिच्या मागोमाग फिरतात काय, एवढेंच पाहावयाचें. पुढें चॉकलेटचा तुकडा व तेवढाच लांकडाचा तुकडा समोर ठेवावयाचा. मूल खाण्याचा कोणता हें ओळखतें काय? कागदांत गुंडाळलेली मिठाई दिली तर आधीं कागद सोडतें काय? मग चित्रांतील वस्तु दाखविणें, दोन रेघांत लांब कोणती तें सांगणें, तीन आंकडे ऐकून पुन्हां म्हणणें. माशी व फुलपांखरूं यांत फरक काय, कागद व पुठ्ठा यांत काय, असले प्रश्न आणखी पुढें. शेवटच्या कसोट्या अशा कीं त्या मोठ्या माणसासही विचार करावयास लावतात. पाठांतराची परीक्षा यांत नव्हती. शाळेंत जें शिकवितात तें यांत शक्य तों टाळलेलें होतें. कारण शाळा चुकलेलें मूल आणि समज कमी असलेलें मूल यांत भेद करणें हाच मूळ हेतु होता.

या कसोट्या आधीं तीन, पांच, सात, नऊ व अकरा वर्षांच्या साधारण मुलांस, प्रत्येक वयाच्या दहा मुलांस, देऊन पाहिलेल्या होत्या. पन्नास मुलें म्हणजे फार नव्हेत, हें खरें. पण याआधीं मंद मुलाचें वर्णन करणारे लोक साधारण मूल कोणत्या वयांत काय करतें, हें पाहण्याचे कष्टच घेत नसत. हे कष्ट या दोघांनीं प्रथम घेतले. परीक्षा कशी घ्यावी याविषयींच्या त्यांच्या सूचना आजही वाचण्यासारख्या आहेत. खोली शांत असावी. मुलाशीं गोडीनें बोलावें. तें बुजलें असेल तर आधीं त्याची भीति घालवावी. उत्तर चुकलें तरी प्रयत्नाबद्दल शाबासकी द्यावी, पण मदत करूं नये. परीक्षा म्हटली कीं छडी आठवणाऱ्या त्या काळांत ही भाषा नवीनच होती.

१९०८ सालीं दोघांनीं मालिकेची मांडणी बदलली. तीन वर्षांपासून तेरा वर्षांपर्यंत एकेका वयास कसोट्यांचा एकेक गट नेमून दिला. तिसऱ्या वर्षीं मुलानें नाक, डोळे, तोंड दाखवावें, आडनांव सांगावें, दोन आंकडे पुन्हां म्हणावे. चौथ्या वर्षीं आपण मुलगा कीं मुलगी हें सांगावें. किल्ली, चाकू व पैसा हीं नांवें घ्यावीं. पांचव्या वर्षीं चौकोन पाहून तसा काढावा, चार नाणीं मोजावीं, दोन डब्यांपैकीं जड कोणती तें ओळखावें. मूल ज्या वयाच्या कसोट्या पार करी, तें त्याचें मानसिक वय. ‘मानसिक वय’ हे दोन शब्द आईबापांस चटकन् समजण्याजोगे होते, आणि त्यांतच धोकाही होता. ज्या मुलांवरून ही मांडणी ठरविली, तीं पॅरिसमधील गरीब वस्तीच्या शाळांतलीं व बालशाळांतलीं होतीं. पुढें ब्रसेल्स येथें देक्रोली व देगां यांनीं हीच मोजपट्टी एका सुखवस्तु लोकांच्या शाळेंत लावून पाहिली, तेव्हां तेथील मुलें सुमारें दीड वर्ष पुढें निघालीं. बिने यानें यावरून बेल्जियन मुलें फ्रेंच मुलांहून हुशार असा निष्कर्ष काढला नाहीं. ज्या घरांत पुस्तकें आहेत, बोलणें आहे, वेळ आहे, त्या घरचें मूल भाषेच्या प्रश्नांत पुढें जाणारच, हें त्यानें ओळखलें. ही गोष्ट त्यानें १९११ त लिहिली. ती पुढल्या पिढीच्या लक्षांत राहती तर पुष्कळ अनर्थ टळले असते.

बिने मोजून थांबला नाहीं, ही त्याची खरी थोरवी. पॅरिसच्या ग्रांज-ओ-बेल रस्त्यावरील एका प्राथमिक शाळेंत, मुख्याध्यापक वाने यांच्या मदतीनें, त्यानें १९०५ पासून एक शिक्षणविषयक प्रयोगशाळा चालविली. आणि १९०७ पासून मागें पडलेल्या मुलांचे खास वर्ग सुरू झाले. तेथें एक खेळ असे. सर्वांनीं एकदम पुतळ्यासारखें निश्चल व्हावयाचें. पहिल्या दिवशीं हांसण्याखेरीज कांहीं झालें नाहीं. मग हळूहळू मुलांस स्थिर राहण्याची इर्षा वाटूं लागली. दुसरा खेळ कांठोकांठ पाण्यानें भरलेले पेले न सांडतां नेण्याचा. वाकडा पाय जसा पट्ट्या बांधून व सराव देऊन सरळ करतात, तसेंच लक्ष, स्मरण व निश्चय यांचेंही करतां येतें, असें तो म्हणे. बुद्धि ही जन्मतःच ठरलेली असून तींत रतीभर वाढ होत नाहीं, हें मत त्याला क्रूर वाटे. आणि १९०९ सालच्या आपल्या पुस्तकांत त्यानें त्याचा कडक निषेध केला आहे. त्याच वर्षीं ता. १५ एप्रिल रोजीं खास वर्गांचा कायदा झाला. १९११ सालच्या ऑक्टोबरांत बिने वारला. त्याचें वय तेव्हां अवघें चौपन्न होतें.

त्याच्यामागें मोजपट्टी राहिली, पण ती धरणारा हात बदलला. १९१२ सालीं जर्मनींत स्टर्न यानें मानसिक वयास खऱ्या वयानें भागावें असें सुचविलें, व १९१६ सालीं अमेरिकेंत टर्मन यानें त्या भागाकारास शंभरानें गुणून ‘बुद्ध्यंक’ रूढ केला. सोय झाली, यांत संशय नाहीं. एका मुलाविषयीं एक आंकडा! परंतु बिने यानें जें माप म्हणजे मदतीचें पहिलें पाऊल मानलें होतें, तें आतां निकालपत्र झालें. गॉडर्ड यानें तर १९०८ त ही मालिका इंग्रजींत आणून मंदबुद्धि हा वंशाचा दोष असल्याचा प्रचार सुरू केला. बिनेचा सहकारी सिमोन १९६१ पर्यंत जगला. बुद्ध्यंकाच्या कल्पनेंत मूळ हेतूचा विश्वासघात झाला, असेंच त्याचें मत होतें.

हा विश्वासघात किती दूर जाऊं शकतो, याचें उदाहरण व्हर्जिनिया संस्थानांत घडलें. कॅरी बक नांवाच्या सतरा वर्षांच्या अविवाहित मातेस १९२४ सालीं मंदबुद्धींच्या वसाहतींत ठेवण्यांत आलें. बिनेच्या मोजपट्टीच्या अमेरिकन आवृत्तीनें तिचें मानसिक वय नऊ ठरलें. तिची आई आधींच तेथें होती. वंशच दूषित आहे असें सिद्ध करण्यासाठीं तिसऱ्या पिढीचा पुरावा हवा होता. म्हणून कॅरीची मुलगी व्हिव्हियन, जी तेव्हां वर्षाचीही नव्हती, तिची तपासणी झाली, आणि ती सरासरीहून खालीं असल्याची साक्ष न्यायालयांत देण्यांत आली. तान्ह्या मुलीच्या हालचाली क्षणभर पाहून तीन पिढ्यांचा निवाडा! ता. २ मे १९२७ रोजीं अमेरिकेच्या सर्वश्रेष्ठ न्यायालयानें आठ विरुद्ध एक मतानें वसाहतीच्या बाजूनें निकाल दिला, आणि त्याच वर्षीं शस्त्रक्रियेनें कॅरीस कायमचें वंध्यत्व आणण्यांत आलें. व्हिव्हियन पुढें शाळेंत गेली. १९३१ च्या एप्रिलमध्यें तिचें नांव तेथील गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादींत होतें. १९३२ सालीं, वयाच्या आठव्या वर्षीं, ती आजारानें वारली.

याच देशांत, याच सुमारास, बिनेच्या मतास पुष्टि देणारा एक प्रकार अगदीं योगायोगानें घडला. आयोवा संस्थानांतील एका अनाथाश्रमांत स्कील्स नांवाचा मानसशास्त्रज्ञ काम करी. तेथील दोन मुली, एक तेरा महिन्यांची व एक सोळा महिन्यांची, इतक्या निस्तेज होत्या कीं, सुधारणेची आशा नाहीं असें ठरवून त्यांस मंदबुद्धि स्त्रियांच्या वसाहतींत पाठविण्यांत आलें. कांहीं महिन्यांनीं स्कील्स तेथें गेला, तों त्या दोघी हंसत खेळत इकडेतिकडे धांवत आहेत! औषध कोणतेंच दिलेलें नव्हतें. वसाहतींतील स्त्रियांनीं त्यांस कडेवर घेतलें होतें, त्यांच्याशीं बोलत राहिल्या होत्या, त्यांचे लाड केले होते. अनाथाश्रमांतील पाळण्यांच्या रांगेंत हें कोणी केलें नव्हतें. मग स्कील्स व डाय यांनीं आणखी मुलें तशीच पाठविलीं. एकंदर तेरा मुलांचा बुद्ध्यंक सरासरीनें सत्तावीस-अठ्ठावीस अंशांनीं वाढला. आश्रमांतच राहिलेल्या बारा मुलांचा सुमारें सव्वीस अंशांनीं उतरला. हा वृत्तान्त १९३९ त छापला गेला, तेव्हां मोठमोठ्या पंडितांनीं त्याची टर उडविली. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, व तान्ह्या वयांतील आंकड्यांवर फार भर देऊं नये, हे आक्षेप रास्तच होते. परंतु १९६६ सालीं स्कील्स यानें त्या मुलांची पुन्हां हकीगत प्रसिद्ध केली. तेराही जण स्वतःच्या पायांवर उभे होते व साधारणपणें बारावी इयत्तेपर्यंत शिकलेले होते. दुसऱ्या गटांतील बहुतेकांचें शिक्षण तिसरीच्या आंतच थांबलें होतें, आणि चौघे अजून संस्थेंतच होते.

हिंदुस्थानांत ही मोजपट्टी प्रथम लाहोरकडून आली. तेथील राइस यानें हिंदुस्थानी भाषेंत तयार केलेली मालिका १९२९ सालीं प्रसिद्ध झाली. मराठी व कन्नड मुलांसाठीं हें काम वि. वि. कामत यांनीं धारवाडकडे केलें, व त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० सालीं निघाला. केवळ भाषांतर करून भागण्यासारखें हें काम नव्हतें. फ्रेंच नाणीं, फ्रेंच चित्रें, फ्रेंच वाक्यें यांच्या जागीं येथील मुलांच्या नित्य व्यवहारांतील वस्तु आणाव्या लागतात. आणि एखादा प्रश्न पॅरिसच्या सहा वर्षांच्या मुलास जितका अवघड, तितकाच येथील सहा वर्षांच्या मुलास असेल असें गृहीत धरतां येत नाहीं. प्रत्येक प्रश्न येथल्या मुलांपुढें ठेवून त्याचें वय नव्यानें ठरवावें लागतें. कामतांची मालिका बिने-कामत या नांवानें पुढें देशभर वापरली गेली.

तान्ह्या मुलांचें माप त्याहून मागाहून आलें. अमेरिकेंत गेसेल यानें येल येथें चलच्चित्रांच्या साह्यानें अर्भकांच्या हालचालींची महिनेवार नोंद केली होती. पण तीं मुलें एकाच शहरांतलीं, बहुतेक मध्यम स्थितींतल्या घरांतलीं. भारतीय बालकांसाठीं बडोद्यास प्रमिला फाटक यांनीं काम केलें, व त्यांचा अहवाल १९७० सालीं प्रसिद्ध झाला. मान धरणें, पालथें पडणें, बसणें, वस्तु पकडणें, आवाजाकडे वळणें, हें येथल्या मुलांत कोणत्या महिन्यांत दिसतें, याची त्यांत व्यवस्थित नोंद आहे.

बालशाळांतून मात्र निराळीच परंपरा चालत आली होती. भावनगरच्या बालमंदिरांत गिजुभाई बधेका यांनीं १९२० पासून, व तेथेंच तयार झालेल्या ताराबाई मोडक यांनीं पुढें १९४५ पासून तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें, मुलांस प्रश्न विचारण्यापेक्षां त्यांस खेळतांना पाहण्यावर भर दिला. ताराबाई व अनुताई वाघ यांच्या अंगणवाडींत मुलें अंगणांत, झाडाखालीं शिकत. तेथें चिंचोके, शिंपले व पानें हींच साधनें होतीं. ज्या मुलानें चाकू पाहिला आहे पण पेन्सिल कधीं पाहिली नाहीं, त्याला चौकोन काढतां आला नाहीं तर तो दोष कोणाचा, हा ब्रसेल्सचाच प्रश्न तेथें रोज समोर होता. १९७५ सालच्या ता. २ ऑक्टोबरपासून तेहतीस ठिकाणीं सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेनें अंगणवाडी हें नांव सबंध देशाचें केलें. २०२२ सालच्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेंही तीन ते सहा वर्षांच्या मुलांची लेखी वा तोंडी परीक्षा अयोग्य ठरवून निरीक्षण व मुलाच्या हातचें काम यांवरूनच प्रगति पाहावी, असें स्पष्ट सांगितलें आहे.

आज गरोदरपणीं आईच्या हातीं जें माता व बाल संरक्षण कार्ड मिळतें, त्यावर मुलाच्या वाढीच्या पायऱ्यांचीं चित्रें छापलेलीं असतात: हंसूं लागलेलें, आधारावांचून बसलेलें, उभें राहिलेलें मूल. मूल एखाद्या पायरीवर अडलें असें आईला दिसलें, तर तिनें थांबूं नये, त्याला आरोग्यसेविकेस दाखवावें, अशी त्याची योजना आहे. त्यावर वजनाचा आंकडा मांडण्यास जागा आहे. बुद्धीच्या आंकड्याला त्यावर रकाना नाहीं.